गॅस्केट उडालं, पण इंजिन तापलं कशामुळे?

साखरपा मागे पडलं, आंबा घाटाची चढण लागली आणि दुसऱ्या गिअरवर चाललेल्या गाडीचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला. मे महिन्यातली दुपार, गाडीत चार माणसं, डिकीत कोल्हापूरच्या पाहुण्यांसाठी आंब्याच्या पेट्या. थांबायला बरी जागा मिळेल म्हणून मी आणखी तीन वळणं घेतली. तीच नडली. बॉनेट उघडलं तर वाफ आणि कूलंटचा गोडसर वास. १,८०,००० किलोमीटर चाललेली आमची जुनी तीन सिलिंडरची गाडी टो करून रत्नागिरीला परत आणावी लागली.

मिस्त्रींनी आधी ऑइलचं झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला दुधाळ कॉफीसारखा फेस. "ऑइलमध्ये पाणी गेलंय. हेड उतरवावं लागेल." मात्र एवढ्यावरून निदान करू नये, हेही त्यांनीच सांगितलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली दमटपणामुळेही थोडा फेस धरतो. म्हणून बाकीच्या खुणा बघायच्या. बाहेर कुठे गळती नाही, तरी पाणी कमी होतं का? गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा पाइप दगडासारखा कडक होतो का? पाण्यात सतत बुडबुडे येतात का? शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदमच घसरलंय का? आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचं घसरलं होतं.

खाली ब्लॉक, वर हेड आणि दोघांच्या मध्ये गॅस्केट ही पातळ चकती. स्फोटाचा दाब, ऑइल आणि पाणी या तिघांच्या वाटा तिने वेगळ्या ठेवायच्या. बऱ्याच जुन्या इंजिनांचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. रोजच्या तापमानात गॅस्केट ही ओढाताण सोसतं. पण काटा लाल रेषेपलीकडे गेला की बोल्टांनी जखडलेल्या हेडला फुगायला जागा उरत नाही, ते वाकतं आणि गॅस्केटवरची पकड सुटते. आमच्या गॅस्केटवर दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध काळी जळकी रेघ होती, उदबत्तीच्या राखेएवढी बारीक.

नवं गॅस्केट तसं स्वस्त असतं, पैसे जातात ते मजुरीत. म्हणूनच घाई नको. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हेड सोडू नये आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करावेत, नाहीतर चांगलं हेडही वाकतं. मग हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खाली फिलर गेज सरकवायचा. छोट्या पेट्रोल इंजिनात ०.०५ मिलिमीटरची फट सरकली, म्हणजे कागदाच्या जाडीपेक्षाही कमी, तरी हेड फेसिंगला पाठवावं लागतं. सोबत तडा आहे का तेही तपासून घ्यावं. हे न करता नुसतं गॅस्केट बदलून दिलेल्या गाड्या महिना-दोन महिन्यांत परत येतात. तेव्हा गॅरेजमध्ये उभं राहून "हेड पट्टीवर बघितलं का?" असं जरूर विचारा.

जुनं गॅस्केट खरवडताना एमरीची फिरती चकती लावू नये. तिची कच ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोचते. बोल्टांच्या भोकांत साठलेलं पाणी किंवा ऑइल हवा मारून काढलंच पाहिजे. ते राहिलं तर टॉर्क पाना आकडा दाखवतो आणि बोल्ट खरा आवळलेलाच नसतो, कधी तर ब्लॉकच तडकतो. आवळताना क्रम उलटा, मध्याकडून कडेला, तीन-चार टप्प्यांत. शेवटी ऑइल आणि फिल्टर नवं, आणि पाण्यातली हवा काढायची.

एवढं सगळं करूनही मूळ प्रश्न उरतोच: गाडी तापली कशामुळे? तापलेल्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय अनेकांना आहे, ती मला अजिबात पटत नाही. त्याने इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दोष झाकला जातो. आमचा थर्मोस्टॅट मी घरी पातेल्यात, पाण्यात टांगून गॅसवर ठेवला. पाणी उकळायच्या आधीच झडप नीट उघडली. म्हणजे तो निर्दोष होता. दोष निघाला रेडिएटरच्या पंख्याच्या वायरीत. खाऱ्या हवेने तिच्या जोडणीतलं तांबं हिरवं पडलं होतं आणि पंखा फिरतच नव्हता. सपाट रस्त्यावर समोरच्या वाऱ्याने भागत होतं, घाटातल्या संथ चढणीवर भागलं नाही. रेडिएटरच्या जाळीतही लाल माती घट्ट बसली होती आणि आत कूलंटऐवजी बरंचसं विहिरीचंच पाणी होतं. ते वर्षानुवर्षं मीच ओतत आलो होतो.

जोडणी नवी केली, जाळी धुतली, कूलंट ठरल्या प्रमाणात भरलं. आठवड्याने पुन्हा आंबा घाट चढलो, या वेळी एकटाच, नजर सारखी काट्यावर. मुर्शीच्या पुढे चढणीवर पंखा सुरू झाल्याचा घरघर आवाज ऐकू आला, थोड्या वेळाने थांबला, पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर बॉनेट उघडून पाहिलं. कूलंट डबीवरच्या रेघेशी होतं तिथेच होतं.