गिरकी, चक्कर आणि वहीतली नोंद

स्नेहसंमेलनाचा नाच बसवताना एखादी मुलगी विचारते, ‘‘बाई, गिरकी थांबली तरी मैदान फिरतच का राहते?’’ तालमीच्या गडबडीत हा प्रश्न विरून जातो. खरे तर ती एका चांगल्या प्रकल्पाची सुरुवात असते. शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. प्रश्न मोजता येईल असा करून द्यावा.

प्रथम वाटीभर पाण्यावर कागदाचे बारीक कपटे टाकून वाटी गोल फिरवायला सांगा. सुरुवातीला पाणी मागे राहते, मग वाटीबरोबर फिरू लागते. वाटी एकदम थांबवली, तरी पाणी थोडा वेळ फिरतच राहते. हे जडत्व. आपल्या प्रत्येक आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रवही असाच वागतो. पाय ‘थांबलो’ म्हणतात, तर कान ‘अजून फिरतो आहोत’ असे मेंदूला कळवतो. या विसंगतीतून चक्कर येते.

कथक नर्तकी चक्कर घेताना नजर समोरच्या एका बिंदूवर ठेवते. धड वळत राहते. मान शेवटी झटकन फिरते आणि नजर पुन्हा त्याच बिंदूवर येते. याचा उपयोग किती होतो, हे मुलांनीच तपासावे. एकाच तालात ५ गिरक्या घ्याव्यात. थांबल्यापासून आखलेल्या रेषेवरून न डगमगता चालता येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. एकदा नजर मोकळी, एकदा बिंदूवर. मध्ये पुरेशी विश्रांती हवी. सरावाने मेंदूलाही सवय होते, म्हणून रोज क्रम आलटूनपालटून बदलावा. बाकी काही बदलू नये.

मैदान मऊ असावे, शेजारी एक जोडीदार उभा असावा. जेवल्यावर लगेच किंवा उपाशीपोटी प्रयोग नको. फिट येणाऱ्या किंवा कानाचा, हृदयाचा विकार असलेल्या मुलांकडे घड्याळ व नोंदवही द्यावी. प्रकल्पात तेही तितकेच महत्त्वाचे काम आहे.

वहीत आणखी दोन रकाने असावेत: रात्रीची झोप आणि सकाळची न्याहारी. या नोंदी ज्याच्या त्याच्या. वर्गात वाचून दाखवू नयेत, फळ्यावर क्रमांक लावू नयेत. इथे मुलाचे शरीर हेच उपकरण आहे, त्याची तुलना त्याच्याच कालच्या नोंदीशी व्हावी.

कधी कधी याच वहीत वेगळी ओळ सापडते: ‘आज गिरकी न घेताच, प्रार्थनेला उभी असताना चक्कर आली.’ गिरकीची चक्कर थोड्या वेळात जाते. ही चक्कर वेगळी. तिच्यामागे न्याहारी चुकणे असेल, किशोरवयीन मुलींमध्ये बरेचदा आढळणारा रक्तक्षयही असेल. निदान करणे शिक्षकाचे काम नव्हे. मुलीशी एकांतात बोलावे, पालकांना विश्वासात घ्यावे आणि जवळच्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घेण्यास सुचवावे. हे घडले, तर प्रकल्पाला प्रदर्शनात बक्षीस मिळो न मिळो, तो सफल झाला असे समजावे.