गाडीचा धूर ओळखा, मगच गॅरेजात पैसे मोजा



आपल्या काही गटांनी मालवाहतुकीसाठी जुनी गाडी घेतली आहे. केळी, कापूस, भाजीपाला न्यायला दुसऱ्याला भाडं देण्यापेक्षा आपली गाडी बरी, हा विचार चांगलाच. पण जुनी गाडी म्हटली की दुरुस्ती आलीच. गॅरेजमधून "इंजिनचं काम निघालं" असा फोन आला की पोटात गोळा येतो. कारण गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता उभा राहत नाही.

चोपडा तालुक्यातल्या एका गटाचं असंच झालं. केळी भरून गाडी नाशिककडे निघाली आणि धुळ्याच्या पुढे लळिंगच्या घाटात चढेना. मागून नुसता काळा धूर. जवळच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "इंजिन उतरवावं लागेल, साठ-सत्तर हजार धरा." गटाच्या बचतीतून पैसे काढायची चर्चा सुरू झाली. तेवढ्यात एका ताईने विचारलं, "आधी काही साफ करून पाहिलं का?" कोणी पाहिलंच नव्हतं! दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने एअर फिल्टर काढला, तर तो धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी गच्च भरलेला. हंगामात हीच गाडी जिनिंगला कापूस न्यायची ना! नवा फिल्टर बसवला, गाडी घाट चढली. खर्च हजाराच्या आत.

मी समाजकार्य शिकले, इंजिन नाही. पण त्यानंतर एका मेकॅनिक दादांजवळ बसून मी वहीत सगळं लिहून घेतलं. तेच तुम्हाला सांगते. हे सगळं जुन्या डिझेल गाड्यांबद्दल आहे. नव्या गाड्यांना स्कॅनर लावून बघतात.

इंजिन म्हणजे चूलच

चुलीला हवा मिळाली नाही की धूर होतो, लाकूड ओलं असलं तरी धूर होतो. इंजिनचंही तसंच. डिझेल इंजिनला तीन गोष्टी लागतात: हवा, स्वच्छ डिझेल आणि दाब. आत हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. तिघांपैकी काय कमी पडतंय, हे ओळखणं म्हणजेच बिघाड शोधणं.

१. चावी फिरवली, पण सेल्फ उचलत नाही

हेडलाईट लावून सेल्फ मारून बघा. लाईट एकदम मंद झाली तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल ढिलं आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसते का? आधी वजा खुणेची वायर काढा, मग अधिक खुणेची. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा. जोडताना उलट क्रम: आधी अधिक, मग वजा. घट्ट आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. बॅटरीजवळ विडी-काडी नको.

२. सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही

बहुतेक वेळा डिझेल पुढे पोचत नसतं. टाकीत डिझेल आहे का, डिझेल फिल्टर कधी बदलला, पाईपाला कुठे ओल दिसते का, हे बघा. टाकी अगदी तळाला गेली की गाळ वर येतो आणि लाईन "हवा घेते". मग फिल्टरजवळचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून हातपंप मारतात. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ड्रायव्हर दादांना ते यायलाच हवं. म्हणून टाकी कधी रिकामी होऊ देऊ नका.

३. धुराचा रंग बघा

काळा धूर: हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा. माल जादा भरला आहे का, हेही बघा. तरी धूर राहिला तर नोझल तपासायला सांगा.

पांढरा धूर: थंडीत सकाळी थोडा वेळ येतो, मग जातो. त्याची काळजी नको. पण गाडी तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेलं असू शकतं. गाडी चालवत राहू नका.

निळा धूर: इंजिन ऑइल जळतंय. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याची खूण. इथे खर्च मोठा असू शकतो, म्हणून आधी कॉम्प्रेशन म्हणजे आतला दाब मोजून दाखवा असं सांगा.

४. गाडी तापते

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे गाडीचं काय होणार! रेडिएटरच्या जाळीत तंतू आणि धूळ अडकते. इंजिन गार असताना हलक्या पाण्याने जाळी धुवा. फॅनचा पट्टा ढिला आहे का बघा. बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये भरू नका. घागरीला आतून चढतो तसा थर आत चढतो आणि पाणी फिरत नाही. कूलंट वापरा. आणि हे लक्षात ठेवा, गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

५. रोज सकाळी ऑइल

गाडी सपाट जागी, इंजिन गार. ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे, गाडी चालूच करू नका. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर "गाव आलंच" म्हणत पुढे जाऊ नका. तिथेच बंद करा. त्या दोन किलोमीटरमध्ये पूर्ण इंजिन जाऊ शकतं.

गॅरेजात विचारायचे प्रश्न

"फिल्टर बघितले का? दाब मोजला का? किती आला? जुना पार्ट परत द्याल का? खर्च आधी लिहून द्या." हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. चांगला मेकॅनिक नीट उत्तर देतो. खर्च मोठा सांगितला तर दुसऱ्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय बचतीला हात लावू नका. स्वस्त तपासणी आधी, महाग काम शेवटी.

आणि एक करा. गटाची वही ठेवता, तशी गाडीचीही ठेवा: तारीख, किलोमीटर, ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी, धूर कसा होता, खर्च किती. दर बैठकीत ती वाचा. गाडी ड्रायव्हर दादा चालवतो, पण ती दहा जणींच्या कष्टाची आहे.

हा लेख ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवा आणि एकदा सगळ्या मिळून गाडीचं बॉनेट उघडून एअर फिल्टर कुठे आहे ते बघा. हात काळे होतील. होऊ द्या!

तुमची,
क्षेत्र समन्वयक