जिथे नदीच देवळात येते: नृसिंहवाडीचा ‘दक्षिणद्वार सोहळा’ नेमका काय असतो?

पावसाळा आला की दरवर्षी एक व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर येतोच. देवळात कमरेएवढं पाणी, त्यात डुबकी मारणारे भाविक आणि ‘दिगंबरा दिगंबरा’चा गजर. खाली कमेंट्स असतात, “अरे बापरे, मंदिर बुडालं!” पण तिथले भाविक तर आनंदात दिसतात. असं का?

हे आहे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं नृसिंहवाडी, म्हणजेच नरसोबाची वाडी. इथे कृष्णा आणि पंचगंगेचा संगम होतो.

देवळात मूर्ती नाही, पादुका आहेत

दत्तसंप्रदायातले नृसिंह सरस्वती इथे १२ वर्षं राहिले आणि गाणगापूरला जाताना पादुका ठेवून गेले, अशी श्रद्धा आहे. औदुंबराखालच्या या ‘मनोहर पादुकां’ची इथे पूजा होते. देवळाला नेहमीसारखं उंच शिखर नाही. हे देऊळ विजापूरच्या आदिलशहाने बांधून दिलं, अशी कथा त्यामागे सांगितली जाते.

देऊळ घाटाला लागून, अगदी नदीजवळ आहे. त्यामुळे नदी फुगली की पाणी पायऱ्या चढत थेट आत येतं.

मग ‘दक्षिणद्वार’ म्हणजे काय?

वाढणारं पाणी उत्तरेकडच्या दारातून आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं. हाच दक्षिणद्वार सोहळा. पादुकांना स्पर्श करून आलेल्या या पाण्यात स्नान करणं पुण्याचं मानतात.

पाणी वाढताना झाला तर तो ‘चढता’ दक्षिणद्वार, ओसरताना झाला तर ‘उतरता’. पंचांगात याची तारीख सापडणार नाही. एखाद्या पावसाळ्यात हा योग अनेकदा येतो, तर पाऊस कमी झाला की वाट बघत बसावं लागतं. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामी मंदिरात हलवतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते.

इतकं पाणी येतं कुठून?

कऱ्हाडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. हे सगळं पाणी वाडीला येतं. दुसरीकडून पंचगंगा येते, तिच्यात भोगावती, कासारी, कुंभी, तुळशीचं पाणी असतं. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तर धरण भरलं की आपोआप उघडतात.

कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही. त्यात हा सगळा सपाट प्रदेश. मग पाणी मागे फुगतं आणि आजूबाजूच्या शेतांत पसरतं.

सोहळा कुठे संपतो, पूर कुठे सुरू होतो?

तुम्हाला व्हिडिओत दिसतो तो सोहळा. पण तेच पाणी आणखी वाढलं की शिरोळ तालुक्यात ऊस पाण्याखाली जातो, रस्ते बंद होतात, माणसं जनावरं घेऊन घर सोडतात. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये इथल्या लोकांनी महापूर पाहिलाय. कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं.

म्हणजे देवळातल्या पाण्यावर गावाची दुहेरी नजर असते. हात जोडले जातात आणि त्याच वेळी माळ्यावर सामानही चढवलं जातं.

तुम्हाला जायचं असेल तर?

जवळचं रेल्वे स्टेशन जयसिंगपूर. निवांत दर्शन, घाटावर बसणं आणि वाडीची प्रसिद्ध बासुंदी हवी असेल तर हिवाळ्यात जा. दक्षिणद्वारच बघायचा असेल तर निघण्याआधी पाणीपातळी आणि रस्ते चालू आहेत का, हे बघा. राजाराम बंधाऱ्याचा आकडा इशारा पातळीच्या वर असेल आणि वाढत असेल, तर बेत पुढे ढकला. तिथे पोचल्यावर दोर आणि बॅरिकेडच्या आतच स्नान करा. देवळाबाहेर पडलेलं पाणी थेट नदीच्या धारेत जातं आणि रीलसाठी टाकलेलं एक पाऊल पुढे पडलं तर पट्टीचा पोहणाराही तिथे टिकत नाही.

आणि पूर चढलेला असेल तर घरीच थांबा. तेव्हा गावाला बोटी आणि मोकळे रस्ते लागतात, पाहुणे नाही. दर्शन पाणी उतरल्यावरही होतं.