सापाच्या पेटीतली हीट मॅट: तापमान नेमके कुठे मोजाल?

जानेवारीत सिहोऱ्यात रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो आणि घरातली माणसे रजईत शिरतात. मुलांच्या हट्टापायी तुमच्या घरी बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक आला असेल, तर त्याला मात्र रजईचा उपयोग नाही. सापाच्या शरीरात स्वतःची ऊब जवळजवळ नसतेच, ती तो बाहेरून घेतो. थंडीत त्याला खाल्लेला उंदीरही पचत नाही. म्हणून पेटीखाली हीट मॅट लावतात. आणि गोंधळ इथेच होतो. मॅट लावली जाते, पण ती किती तापते हे मोजले जात नाही, नाहीतर भलत्याच जागी मोजले जाते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. शेतात सापडलेली धामण किंवा गारुड्याकडचा अजगर पाळता येत नाही; १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. बॉल पायथनसारख्या विदेशी सापाचीही २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आता मॅटकडे वळू. हात लावून ‘कोमटच तर आहे’ असे म्हणू नका. आपल्या तळहाताचे तापमानच तिशीच्या थोडे वर असते, त्यामुळे ३२ आणि ३८ अंशांतला फरक हाताला नीट कळत नाही, आणि सापासाठी तोच फरक महत्त्वाचा. बॉल पायथनला उबदार कोपऱ्यात साधारण ३१ ते ३२ अंश लागतात, कॉर्न स्नेकला २८ ते ३०. दुसरा कोपरा त्याहून चार-पाच अंशांनी थंड हवा, म्हणून मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच ठेवा. ‘जास्त तापले तर साप आपोआप सरकेल’ हा भरवसा चुकीचा आहे. साप गरम जागेवर तसाच पडून राहतो आणि पोट भाजून घेतो.

पेटीच्या भिंतीवर चिकटवलेले गोल काट्याचे थर्मामीटर तिथल्या हवेचे तापमान सांगते. साप झोपतो तळाला. शिवाय तो भुसा उकरून थेट काचेपर्यंत जातो आणि भुशाखालची काच वरच्या थरापेक्षा बरीच गरम असते. म्हणून वायरच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब भुशाखाली, मॅटच्या बरोबर वर, काचेला टेकवून ठेवा. सापाच्या पोटाला लागणारा आकडा हाच. आत चिकटपट्टी मात्र कधीच लावू नका. साप तिला चिकटला तर खवले सोलून निघतात.

थर्मोस्टॅट नसेल तर मॅट लावूच नका. त्याचा प्रोब मी पेटीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्यामध्ये बसवायला सांगेन. आत ठेवला तर साप तो ढकलतो, किंवा पाण्याचे भांडे त्यावर सांडते. मग गार पडलेल्या प्रोबला वाटते थंडी आहे, आणि मॅट तापतच राहते. बाहेरच्या प्रोबवरचा आकडा आतल्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त दिसेल, ते साहजिक आहे. आतला आकडा बघून थर्मोस्टॅट कमी-जास्त करा. हे सगळे साप पेटीत सोडण्याआधी, पूर्ण एक दिवस आणि एक रात्र चालवून पाहा.

थर्मामीटर खरे बोलते का, हे घरीच तपासता येते. कपभर कोमट पाण्यात प्रोबचे टोक आणि तापाचे डिजिटल थर्मामीटर शेजारी शेजारी धरा. दोन्हींत एका अंशाहून जास्त फरक आला तर प्रोब बदला. कोविडच्या काळात घेतलेली कपाळाची बंदूक मात्र इथे वापरू नका, ती माणसाच्या तापासाठीच जुळवलेली असते. कारागिरांकडची इन्फ्रारेड बंदूक चालते, पण ती फक्त वरवरचा पृष्ठभाग मोजते. बाहेरून काचेतून रोखली तर काचेचेच तापमान दाखवेल. झाकण उघडून, भुसा बाजूला सारून मोजा.

पेटी गादीवर किंवा घोंगडीवर ठेवू नका, मॅटखाली हवा खेळू द्या. रात्री लाइट गेल्यावर पेटीभोवती चादर गुंडाळायची असेल तर आधी प्लग काढा. नाहीतर पहाटे लाइट येईल, तुम्ही झोपेत असाल आणि मॅट चादरीत दबून तापेल.

आणि मे महिना? जबलपूर भागात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा मॅट काढूनच ठेवा. थर्मोस्टॅट ऊब बंद करतो, गारवा देत नाही. पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा.

महिन्यातून एकदा सापाचे पोट उजेडात पाहा. खवले लालसर किंवा तपकिरी दिसले, फोड आले, ओलसर वाटले, तर हळद किंवा मलम लावत बसू नका. मॅट बंद करा आणि डॉक्टर गाठा. जबलपूरला नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठ आहे, तिथे वन्यप्राण्यांच्या आरोग्याचा वेगळा विभाग आहे. जाताना मॅटवरचा शेवटचा आकडा लिहून न्या, डॉक्टर तोच आधी विचारतील.