मूरचें कांस्यशिल्प व टोटेम-स्तंभ

इंग्रज शिल्पकार हेन्री मूर ह्यांनीं १९५५-५६ सालीं कांशाच्या उभ्या शिल्पांची एक मालिका केली. आकारावर आकार रचीत जातां त्यांस वायव्य अमेरिकेंतील टोटेम-स्तंभांचें रूप आलें, असें मूर स्वतःच सांगत. त्यांपैकीं सुमारें ११ फूट उंचीचा 'ग्लेनकिल्न क्रॉस' स्कॉटलंडांतील उघड्या माळावर उभारला गेला.

परंतु हें साम्य रचनेपुरतेंच, असें आम्हांस वाटतें. मूळ स्तंभ हा एका अर्थीं दस्तऐवजच होय. तांबड्या सीडरच्या खोडावर कोरलेला गरुड वा अस्वल हें विशिष्ट कुळाचें चिन्ह. तें कोरविण्याचा अधिकार वंशपरंपरेचा. स्तंभ उभारतांना पॉटलॅच नामक समारंभांत पाहुण्यांस दानें द्यावयाचीं, तीं साक्षीबद्दल. कॅनडाच्या कायद्यानें हा समारंभ १८८५ पासून १९५१ पर्यंत बंद होता. म्हणजे साक्ष देणेंच बेकायदा ठरलें! मूरच्या शिल्पांत कुळ नाहीं, साक्षीदार नाहीं. आकार तेवढा आहे.

त्याच स्कॉटलंडांत, एडिंबरोच्या संग्रहालयांत, निस्गा लोकांचा एक स्तंभ होता. एका योद्ध्याच्या स्मरणार्थ उभारलेला हा स्तंभ १९२९ सालीं मूळ स्थानाहून नेण्यांत आला होता. वारसांच्या मागणीवरून तो २०२३ सालीं नास नदीच्या खोऱ्यांत परत गेला.