सांध्याचे अस्तरच जेव्हा वैरी होते

ब्राह्मणपुरी (जि. नंदुरबार), प्रतिनिधी -

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, मूठ वळत नाही, भरलेले पातेले उचलवत नाही. तासाभराने हात थोडे मोकळे होतात. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात कापूस वेचणारी बाई ही तक्रार 'वात आला' एवढ्याच शब्दांत सांगते आणि कामाला लागते. शहरातही फारसे वेगळे घडत नाही. मात्र वयोमानाने होणारी सांध्यांची झीज आणि आमवात, अर्थात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हे दोन निरनिराळे आजार आहेत. झिजेमुळे दुखणारा सांधा विश्रांतीने शांत होतो. आमवातात तो विश्रांतीनंतरच अधिक आखडतो. बहुधा दोन्ही हातांचे सांधे सुजतात. कारण येथे बिघाडाची सुरुवात सांध्याच्या आतील अस्तरात होते.

निरोगी सांध्यात हे अस्तर जेमतेम एक ते तीन पेशींच्या थराचे असते. त्यातील काही पेशी सफाईचे काम करतात, तर फायब्रोब्लास्ट प्रकारच्या पेशी सांध्याला वंगण पुरवतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने तिचे पोषणही मुख्यतः सांध्यातील द्रवातूनच होते.

चुकीचा निरोप

आमवातात रोगप्रतिकारशक्ती शरीरातील स्वतःच्याच प्रथिनांना परके समजू लागते. अशा प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे अनेक रुग्णांच्या रक्तात सूज येण्यापूर्वी काही वर्षे आढळतात. पुढे प्रतिकारपेशी अस्तरात गोळा होतात आणि सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. हे एका पेशीने दुसऱ्या पेशीला धाडलेले निरोपच होत. त्यातील टीएनएफ हा निरोप फायब्रोब्लास्टच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटला, की पेशीच्या आत 'एनएफ-कप्पा-बी' हा घटक जागा होऊन केंद्रकात शिरतो व दाहाची जनुके चालू करतो. इंटरल्युकिन-६ चा निरोप 'जॅक' नावाच्या विकरांमार्फत पोहोचतो.

परिणामी, वंगण पुरवणारी पेशी स्वतःच निरोप पाठवू लागते आणि आणखी प्रतिकारपेशींना बोलावून घेते. हे चक्र एकदा फिरू लागले, की अस्तर जाड होते आणि कूर्चेवर पसरते. त्यातून पाझरणारी विकरे कूर्चा विरघळवतात. 'रँक-एल' या आणखी एका संकेताने हाड पोखरणाऱ्या पेशी तयार होतात आणि सांधा कायमचा वाकडा होतो.

या पेशींचा स्वभाव किती पालटतो, हे १९९६ मधील प्रयोगांत दिसले. रुग्णांच्या अस्तरातील फायब्रोब्लास्ट प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत मानवी कूर्चेजवळ ठेवले असता, प्रतिकारपेशींची मदत नसतानाही त्यांनी कूर्चा पोखरली. २००९ मध्ये तर अशा पेशी उंदराच्या शरीरात दूरच्या कूर्चेपर्यंत प्रवास करतात, असे आढळले. उपचार लवकर सुरू करण्याचा आग्रह तज्ज्ञ का धरतात, हे यावरून ध्यानात यावे.

औषध आणि सावधगिरी

टीएनएफचा निरोप अडवण्याची कल्पना लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि भारतीय वंशाचे रविंदर मैनी यांनी पुढे नेली. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांवर चाचणी झाली. २००३ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला. 'जॅक' रोखणारी पहिली गोळी आमवातासाठी २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तरीही उपचाराचा पाया आजही मेथोट्रेक्सेट या स्वस्त गोळीचाच आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. क्षयाच्या सुप्त जंतूंना शरीर कोंडून ठेवते, त्यातही टीएनएफचा वाटा असतो. तो अडवल्यास क्षय उफाळू शकतो. म्हणून हे औषध देण्याआधी क्षयाची तपासणी आवश्यक असते.

हा आजार शहरी नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये घरोघरी पाहणी सुरू झाली. तीत प्रौढांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांना आमवात असल्याचे दिसले. नंदुरबारमध्ये निदान करताना वेगळीही काळजी घ्यावी लागते. येथील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल आढळतो आणि त्यातही हाडे व सांधे ठणकतात. दोन्हींचे उपचार सर्वस्वी भिन्न आहेत; रक्ततपासणीने फरक कळतो.

बोटांच्या सांध्यांची सूज आणि सकाळचे आखडणे सहा आठवडे टिकले, तर वेदनाशामक गोळ्यांवर किंवा कुणी दिलेल्या बिननावाच्या पुडीवर दिवस काढू नयेत. वेदना दबल्या म्हणजे अस्तराची वाढ थांबली असे नव्हे. पोखरलेले हाड पूर्ववत होणे कठीण. ते पोखरले जाण्यापूर्वी डॉक्टरांकडे पोहोचणे मात्र रुग्णाच्या व त्याच्या घरच्यांच्या हाती आहे.