जरा ओव्हर, पण झकास!

मोबाइलवरच्या मिनिटभराच्या मालिकांमधले डोळे वटारणारे सीईओ आणि धाडकन गुडघे टेकणारे खलनायक बघून हसू येतं? येऊ द्या की! पण हसता हसता जरा नीट बघा. तिथं अभिनयाचा वेगळाच फंडा चालू आहे.

खाडकन थोबाडीत बसते. कॅमेरा आधी गालावर, मग डोळ्यांवर. मग ज्यानं मारली त्याच्या डोळ्यांवर. मागं कुणी उभं असेल तर त्याच्या वासलेल्या तोंडावर. आणि एपिसोड खलास! पुढं काय झालं म्हणून अजून एक मिनिट, मग अजून एक... तोवर तुमचं स्टेशन मागं गेलेलं असतं.

उभ्या फ्रेमच्या, मिनिट-दीड मिनिटाच्या भागांच्या या मालिकांना मायक्रोड्रामा किंवा नुसतंच 'व्हर्टिकल' म्हणतात. माल मूळचा चीनचा. तिथं नाव 'दुआनजू', म्हणजे छोटं नाटक. २०२४ मध्ये चीनमध्ये या धंद्याची उलाढाल ५,००० कोटी युआनच्या घरात गेली. त्याच वर्षी तिथल्या थिएटरांचा गल्ला होता सुमारे ४,२५० कोटी युआन. म्हणजे छोट्या नाटकानं मोठ्या पडद्याला मागं टाकलं, बॉस! अमेरिकेत 'रीलशॉर्ट'नं तोच मसाला इंग्रजीत आणला आणि आपल्याकडं 'कुकू टीव्ही', 'क्विक टीव्ही' आले.

मी हे सगळं आवडीनं बघते आणि चारचौघांत सांगते. लगेच प्रश्न येतो, "अगं, पण ती अ‍ॅक्टिंग?" माझं उत्तर ठरलेलं आहे. त्या अ‍ॅक्टिंगसाठीच तर बघते!

फ्रेम उभी, मामला वेगळा

२०२० च्या एप्रिलमध्ये हॉलिवूडच्या बड्या मंडळींनी फोनसाठी 'क्विबी' नावाची सेवा काढली. १७५ कोटी डॉलरचं भांडवल, नावाजलेले स्टार, दहा मिनिटांच्या आतले एपिसोड. डिसेंबरात दुकान बंद! कारणं बरीच होती. पण एक फरक डोळ्यात भरतो. क्विबीवाले बऱ्याचदा सिनेमाच कापून छोटा करत होते. दुआनजूवाल्यांनी फोनसाठी वेगळाच खेळ मांडला.

आता उभ्या फ्रेमचं बघा. तिच्यात दोन माणसं शेजारी शेजारी नीट मावत नाहीत. समुद्र, डोंगर, भव्य हवेली तर विसराच. मावतो तो चेहरा. म्हणून सगळं भांडण या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर उड्या मारत चालतं. आणि मावते ती उंची! एकजण ताठ उभा, दुसरा त्याच्या पायाशी. कोण वर, कोण खाली, हे एका नजरेत कळतं. या मालिकांमध्ये ऊठसूट गुडघे टेकले जातात ते काही उगाच नाही.

त्यात बघणारा गर्दीत लटकलेला. आवाज बहुतेक वेळा बंद, नजर निम्मी सबटायटलवर. अशा माणसाला नाकाच्या शेंड्याची हलकीशी थरथर दिसणार कशी? अभिनय थोडा मोठ्या हाताचाच लागतो.

मग येतो पैशांचा भाग. सुरुवातीचे काही एपिसोड फुकट, पुढं कॉइन विकत घ्या, नाहीतर जाहिराती बघा. त्यामुळं प्रत्येक भाग ऐन मोक्याला तुटतो. त्या शेवटच्या दोन सेकंदांत नटाचा चेहरा असा थिजला पाहिजे, की तुमचा अंगठा खिशाकडं वळलाच पाहिजे!

हे थिजणंही जुनंच

जपानच्या काबुकीत ऐन प्रसंगात नट एका आवेशात गोठतो, डोळे तिरळे करतो, लाकडी ठोकळ्यांचा ठोका पडतो आणि प्रेक्षकांतून आरोळी येते. त्या पोझला 'मिए' म्हणतात. पेकिंग ऑपेरात रंगवलेला चेहरा बघूनच माणूस कळतो : लाल म्हणजे निष्ठावान, पांढरा म्हणजे कपटी. आपल्याकडं भरतानं नाट्यशास्त्रात अंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगून ठेवलेत. कथकलीत तर डोळ्यांचं वेगळं शिक्षण असतं. जगात बहुतेक काळ अभिनय असाच होता, लांबूनही दिसणारा. पुटपुटत, खालमानेनं बोलायची रीत कॅमेरा जवळ आल्यावर पसरली. आणि १९९१ च्या 'माहेरची साडी'साठी रुमाल घेऊन थिएटरात गेलेल्या आपल्या मावश्या-आत्यांना तर हे समजावून सांगायची गरजच नाही!

चांगलं ओव्हर कसं ओळखाल?

नुसता आरडाओरडा म्हणजे चांगला अभिनय, असं मुळीच नाही. माझ्या तीन कसोट्या घ्या.

एक, आवाज बंद करा. तरी नातं आणि राग कळला, तर नट पास.

दोन, मारणाऱ्याकडं नको, मार खाणाऱ्याकडं बघा. हात तर काय, कुणीही उगारेल. अपमान गिळून मान पुन्हा वर उचलण्यात खरी कमाल आहे. चिनी मालिकांतला घरजावई आठवा. सासरचे त्याला हाडतूड करतात आणि शेवटी तोच अब्जाधीश निघतो. आतापासून सगळं माहीत असल्याची बारीक चमक त्याच्या डोळ्यांत दिसली, की समजा गडी पक्का आहे.

तीन, तो स्वतःच्याच प्रसंगाला हसतोय का ते बघा. "मी यापेक्षा मोठा आहे" असा डोळा मारणारा नट पटकन पकडला जातो. सगळं खरं मानून करणारा मात्र तुम्हाला ओढून नेतो.

टाळी कुणाला?

एक गोष्ट स्पष्ट. अभिनय आवडला म्हणजे गोष्ट पटली, असं नव्हे. बायकोला मनगट धरून फरफटवणारा सीईओ मला रोमँटिक वाटत नाही. चीनच्या प्रसारण खात्यानंही २०२४ च्या नोव्हेंबरात असल्या 'दबंग सीईओ' मालिकांना लगाम घालायच्या सूचना काढल्या.

पण माझी एक मैत्रीण प्रायोगिक नाटकं करते. गेल्या वर्षी तिनं असली एक मालिका केली. सगळे एपिसोड जेमतेम आठवड्याभरात शूट! तिचं म्हणणं, नाटकात रडायला आधीचा अख्खा अंक हाताशी असतो. इथं सकाळी नवऱ्याच्या मरणावर रडायचं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच्याशी लग्न करायचं. गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात दमवणारं काम, असं ती म्हणते. तरी तिच्या बायोडेटात ते नाही. ग्रुपमधले हसतील म्हणून.

मला हे खटकतं. अमेरिकेत नटांच्या संघटनेनं, सॅग-आफ्ट्रानं, २०२५ मध्ये व्हर्टिकल मालिकांसाठी वेगळा करार आणला. म्हणजे काम हे काम आहे, हे तिथं कागदावर आलं. दुसरीकडं एआयनं बनवलेल्या, नटच नसलेल्या मालिकाही येऊ लागल्यात. "असले चेहरे काय, मशीनही करेल" असं आपणच म्हणत राहिलो, तर निर्माते आनंदानं मशीनच आणतील!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी डोळे विस्फारून थिजलं, की हसा, खुशाल हसा. मग शेवटची दोन सेकंदं परत लावून बघा. आणि आवडलं, तर त्या नटाचं नाव शोधा. मालिकेचं नाव तर आपण लक्षात ठेवतोच.